मामांच्या पुलाचे तीन सभासद

पुलावरून जाणारी माणसं जगात अगणित आहेत. पण पुलाची तब्येत विचारायला जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. जर्मनीत, न्युरेम्बर्गपासून तासाभरावरच्या एका खेड्यात, ओढ्यापेक्षा थोड्याच मोठ्या नदीवर, छप्पर असलेला एक जुना लाकडी पूल आहे. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मामा दर शनिवारी तिथे झाडू आणि लाकडी हातोडी घेऊन हजर. तुळयांच्या टोकांशी पालापाचोळा साचला की ओल धरते आणि लाकूड कुजतं, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की आता बेसिनखाली ओल दिसली तरी मला मामा आठवतात. प्रत्येक तुळई ते ठोकून, कान लावून ऐकतात. आवाज बद्द आला तर त्या दिवशी धड जेवत नाहीत. पावसात आडोशाला आलेल्यांना ते आधी बाहेर जाऊन छत्री झटकायला लावतात. एकदा एका बाईंनी विचारलं, मग छप्पर आहे कशाला? "लाकडासाठी!" मामा जर्मनमध्ये कडाडले आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "माणूस काय, घरी जाऊन अंग पुसतो. याला कोण पुसणार?"

हा पूल सांभाळायला मामा आणि मामींनी रीतसर संस्था, म्हणजे इथल्या भाषेत फेराइन, काढली होती. मामी त्याच गावच्या. सभासद एकेक करून गळत गेले, पण वार्षिक सभेचा थाट तसाच राहिला. रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला थांबणारा हा माणूस स्वतःच अध्यक्ष आणि स्वतःच चिटणीस. ठराव मांडायचा, अनुमोदनासाठी समोर बसलेल्या सभासदाकडे, गावातल्या म्हाताऱ्या सुताराकडे पाहायचं, आणि त्याचा डोळा लागला असेल तर तो जागा होईपर्यंत कामकाज तहकूब!

यंदा छपराची कौलं घसरली. गावच्या कचेरीने कळवलं, दुरुस्ती करू, पण देखभालीला संस्था हवी. सभासदांची सह्यांसकट यादी पाठवा. तिघांपेक्षा कमी असले तर संस्था बंद आणि पूल उतरवला जाईल. मामांनी मला बोलावून घेतलं.

"आल्झो... तर, जावईबापू, तुमची एक सही पाहिजे."

"देतो की मामा. पण तुम्ही, सुतार आणि आणखी कोणीतरी आहेच ना?"

मामांनी सभांची वही पुढे सरकवली. तिसरं नाव मामींचं होतं. मामींना जाऊन चार वर्षं झाली. चारही सभांत त्यांच्या नावापुढे मामांच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं, 'कळवून गैरहजर'.

मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खोटं आहे, माहितीये मला. पण शनिवारी पुलावरून परत आलो की घरात कोणी नसतं हो. वहीत तरी असू दे म्हटलं." मग त्यांनी पट्टी घेतली, मामींच्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि पेन माझ्या हातात दिलं.

छप्पर आता नवं झालंय. मीही अधूनमधून झाडायला जातो आणि मामा माझ्या झाडण्यात चुका काढतात. पूल वाचला याचा मला मनापासून आनंद आहे. पण परवाच्या सभेत मामांनी हजेरी घेतली. तीन नावं वाचली, आम्ही तिघंही हजर होतो. सवयीने 'कळवून गैरहजर' लिहायला त्यांनी पेन टेकवलं, मग उचललं आणि वही मिटली.

"सगळे आले," शेवटी ते म्हणाले. त्या क्षणी मला माझी सही परत घ्यावीशी वाटली.