ॲपमध्ये राहून गेलेली कडी

मंडळी, बेघरांना निवारा केंद्रातली रिकामी खाट शोधून देणारं ॲप मी बनवतोय, हे तुम्हाला माहीतच आहे. आज दुपारी ते परभणी स्टेशनवर राहणाऱ्या सखुबाईंना दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून सगळं वाचून सांगितलं.

त्या म्हणाल्या, "खाट हाय, पंखा हाय, समदं कळलं. बायांच्या खोलीला आतून कडी हाय का?"

मी ॲपमध्ये शोधलं, कडीचा रकानाच नव्हता.

"कडी नसली तर मी फलाटावरच बसून राहते बाबा. तिथं उजेड तरी असतो."

संध्याकाळी बसून ॲप बदललं. आता केंद्रांना पहिला प्रश्न कडीचाच आहे. सखुबाई, तुमचे लय उपकार.

आपल्या दाराला आतून कडी आहे, याबद्दल मी आजवर कधी कुणाचे आभार मानले नव्हते. तुम्ही?