आजोबांच्या घड्याळात नऊ

वेळेच्या बाबतीत मी खाष्ट आहे. पुण्यात शिकत होते तेव्हाही होते, आणि नॉटिंगहॅमला डोळ्यांची डॉक्टर झाल्यावर तर मला त्याचा परवानाच मिळाला. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लांबलचक वेटिंग लिस्ट असायची. दोनदा अपॉइंटमेंट चुकवली की आमच्या क्लिनिकमध्ये पेशंटचं नाव कमी व्हायचं. मग पुन्हा जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दारापासून सुरुवात.

अदिस अबाबाहून मुलीकडे राहायला आलेले एक आजोबा असेच दोनदा सकाळी नऊला आले नाहीत. नाव कमी करायच्या पत्रावर मी सही ठोकली. त्याच दिवशी दुपारी तीनला पाहते, तर आजोबा कोट-टाय घालून रिसेप्शनसमोर हजर.

"नऊ म्हणजे नऊ!" मी जवळजवळ ओरडलेच. आजोबांनी शांतपणे मनगट पुढे केलं. घड्याळात बरोबर नऊ वाजले होते. "नवीन सेल घाला त्यात," असं म्हणून मी पाठ फिरवली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

रिसेप्शनवरची मुलगी लंडनच्या एजवेअरमध्ये वाढलेली, मराठी. ती म्हणाली, "डॉक्टरमावशी, वेट ना. लास्ट टाइम पण ते तीनलाच आले होते, एक्झॅक्टली. त्यांचा घड्याळ बंद नाही, चालतोय. मी नोट लिहिला होता, तुम्ही वाचलाच नाही."

मग आजोबांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. त्यांच्याकडे दिवस उगवतो तेव्हा घड्याळ सुरू होतं. सूर्य वर येऊन तास झाला की एक वाजला. म्हणजे आमचे सकाळचे नऊ ते त्यांचे तीन, आणि त्यांचे नऊ म्हणजे आमचे दुपारचे तीन. त्यांच्या मुलीने कामावर जायच्या घाईत पत्र पाहून नुसतं "नऊ" सांगितलं होतं, आणि धूसर डोळ्यांना ते पत्र वाचता येत नव्हतं. तिकडे सूर्य बारा महिने सहाच्या सुमाराला उगवतो. नॉटिंगहॅमला डिसेंबरात तो आठपर्यंत तोंड दाखवत नाही, हे आजोबांच्या घड्याळाला मुळीच मान्य नव्हतं.

मला फार लाज वाटली. कारण माझ्या पत्रिकेत माझी जन्मवेळ सूर्योदयापासूनच्या घटी-पळांत लिहिलेली आहे. लग्न जमवताना ती दहा घरी फिरली, तेव्हा कुणाला चुकीची वाटली नाही. ज्या हिशेबाने माझा जन्म नोंदला गेला, तोच दुसऱ्याच्या मनगटावर दिसल्यावर मी सेल बदलायला सांगत होते. ट्रेमधलं पत्र काढून मी फाडलं आणि आजोबांना तेव्हाच आत घेतलं.

डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या होईपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्या वेळात त्यांनी मला त्यांचं शहर दाखवलं. उभी हयात त्यांनी तिथे बस चालवली होती, तीही चढउतारांवरून. म्हणाले, राजाची छावणी आधी वर गार डोंगरावर होती. राणी गरम पाण्याच्या झऱ्यांशी खाली उतरली, तिला जागा आवडली, आणि तिने नाव ठेवलं अदिस अबाबा, म्हणजे 'नवं फूल'. पुढे सरपणासाठी इतकी झाडं तुटली, की राजधानीच हलवायची बोलणी सुरू झाली. मग परदेशातून एक झाड आणून लावलं. ते भराभर वाढलं आणि शहर जागच्या जागी राहिलं. त्या झाडाचा वास हवेत आला की ब्रेक तपासायचे, पुढे उतार.

ते झाड म्हणजे आपली निलगिरी. सर्दी झाली की आई रुमालावर थेंब टाकायची तीच. मी तसं सांगितलं, तर आजोबा खूश झाले. "ते शहर पुन्हा धड बघायचंय," म्हणाले. "बस नको. नुसतं बघायचंय."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीच्या कागदावर मी मार्करने मोठ्ठं लिहून दिलं: 'तीन. तुमच्या घड्याळात.'

आणि त्या दिवशी नेमकी मीच ट्रॅफिकमध्ये अडकले. धापा टाकत पोचले, माफी मागितली, आजोबांच्या डोळ्यावरची प्लास्टिकची ढाल काढली आणि समोरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. आजोबांनी तक्त्याकडे पाहिलंच नाही. त्याच्या वर भिंतीवर घड्याळ होतं, तिकडे ते टक लावून बघत राहिले. मग स्वतःचं मनगट डोळ्यांसमोर धरलं.

"इथे नऊ दहा," ते म्हणाले. "इथे तीन दहा. दोन्ही बरोबर आहेत, डॉक्टर. उशीर तुम्हाला झालाय."