शेजारच्या सीटचा ब्रेक

सुरुवातीलाच सांगतो, मी गाडीला लिंबू-मिरचीसुद्धा लावत नाही. आई बांधते, मी काढून टाकतो. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. एरर आली की शोधल्यावर कारण सापडतंच, एवढाच माझा धर्म. या एका एररचं कारण मात्र अजून सापडलेलं नाही... म्हणून इथे लिहितोय.

आम्ही धायरीत राहतो. गाडी घेतल्यापासून हायवेवर माझं डोकं फिरतं. मागून डिपर मारणारे, डावीकडून घुसणारे, इंडिकेटरला शोभेची वस्तू समजणारे. मी आपला अंतर राखून चालवतो, तर त्या अंतरात तिसराच येऊन बसतो. आणि शेजारी आमची बायको, अश्विनी. तिला गाडी येत नाही, पण तिच्या पायाखाली तिचा स्वतंत्र ब्रेक आहे. समोर लाल दिवे दिसले की हिचा उजवा पाय मॅटवर दाणकन. मॅटला भोक पडायचं तेवढं बाकी होतं.

त्या रविवारी साताऱ्याला मित्राची वास्तुशांत होती. निघताना मी म्हणालो, "तू घरीच थांब. एकदा तुझ्या ब्रेकशिवाय शांतपणे चालवू दे."

"चालवा. मलाही तेवढाच आराम," ती म्हणाली. पण चेहरा उतरला होता.

परत येताना, भर दुपारी, कात्रजचा नवा बोगदा संपून नवले पुलाकडचा उतार लागला. मागे एक पांढरी जीप हॉर्नवर हात ठेवून चिकटलेली. मी आरशात बघत तिच्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो — म्हणजे समोर बघतच नव्हतो. आणि गाडीला कचकन ब्रेक लागला. पट्ट्याने छाती आवळली. समोर पाहिलं तर उजव्या लेनमधला कंटेनर सर्व्हिस रोडला जायला थेट माझ्यापुढे आडवा. बॉनेटपासून हातभर. गाडी गिअरमध्येच बंद पडली होती आणि माझा पाय अजून ॲक्सिलरेटरवर होता... आईशप्पथ सांगतो. जीपवाला शिव्या देत उजवीकडून निघून गेला. मी घरापर्यंत कसा आलो, आठवत नाही.

घरी अश्विनी गरम पाण्याच्या टबात पाय घालून बसलेली. घोटा टम्म सुजलेला.

आई म्हणाली, "अरे, बसल्या जागी मुरगळला. मटार सोलत होती, आणि एकदम पाय दाणकन फरशीवर दाबला."

मी काही सांगायच्या आत अश्विनीने विचारलं, "अहो, तुम्हाला कुठे लागलं नाही ना?"

मी तिच्यासमोर फरशीवर बसलो आणि रडलो. आईदेखत.

मेकॅनिक म्हणाला, ब्रेकमध्ये काही नाही साहेब. डॉक्टर म्हणाले, असा पाय उंचावरून उडी मारल्यावर लचकतो. दोघांचंही मी ऐकून घेतलं.

आता ती शेजारी असली आणि तिने मॅट दाबली की मी गप्प बसतो. पण ऑफिसला एकटाच जातो ना... काल एका कॅबवाल्याने कट मारला, तर मी इरेला पेटून त्याच्या मागे लागलो. घरी येऊन कुणाला काहीच बोललो नाही. जेवताना अश्विनी एवढंच म्हणाली, "अहो, जरा हळू चालवत जा. पाय दुखतोय."