लाल पेनातलं नऊ

छर्‍यांची डबी उघडली की तेलकट शिशाचा वास येतो आणि अथालचं आमचं परसदार आठवतं. निवृत्तीनंतर मी एअर रायफल घेतली, तेव्हा माझ्या नेमाच्या धास्तीनं कावळे पार खानवेलला राहायला गेले! शाळामास्तरीण बायको माझे भोकं पडलेले निशाण्याचे कागद लाल पेनानं तपासायची. तिच्याकडून एकदा मधल्या वर्तुळाचे दहा मिळवायचेच, ही माझी जिद्द. एका सकाळी श्वास रोखून चाप हळूच दाबला. "दहा!" मी गरजलो. तिनं चष्मा सावरून नऊ लिहिलं. "अगं, दहाच्या रेषेला छर्रा शिवला तरी नियमानं दहाच!" "अहो, शिवणं म्हणजे पोचणं नव्हे. उद्या पुन्हा मारा." आता ती नाही. सिल्वासाच्या क्लबात मी रोज दहा मारतो आणि दहाचे बारा करून सांगतो. सगळे मान डोलावतात; लाल पेन कुणीच काढत नाही.