तिसऱ्या बाकावरची ओली गाठ

असल्या गोष्टी मी मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. वय एकोणसत्तर. देवाला मानते, तेही साबुदाण्याच्या खिचडीपुरतं. आमच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेत पांढरं काहीतरी दिसलं म्हणून कुणी धापा टाकत आलं, की मी एवढंच विचारते, "औषध मारणारा गडी होता का रे?"

पण हे मी स्वतः बघितलं. सकाळच्या उजेडात, चष्मा लावून.

गेल्या वर्षी माझी नात ऋतुजा नाशिकला कॉलेजात गेली. एफवाय बीएस्सी. राहायला मुलींच्या हॉस्टेलवर, शनिवारी एसटीने घरी. कॉलेज जुनं, दगडी इमारतीचं. नाव सांगत नाही, उगाच मुली अ‍ॅडमिशन घ्यायच्या थांबतील... किंवा जास्तच घेतील. पन्नास वर्षांपूर्वी त्याच कॉलेजात मीही होते. अठरा दिवस.

वडिलांनी मला कॉलेजातून काढलं, असं आमच्या घरात सगळे समजतात. मीच तसं सांगत आले. खरं वेगळंच आहे. माझं माहेर मखमलाबादचं, झेंडू-शेवंती पिकवणारं. सकाळी फुलबाजारात जागा धरायची, तर ओट्याच्या कडेला केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची, ओली पट्टी बांधून ठेवायची. ती दिसली की दुसरं कुणी तिथे टोपली ठेवत नसे. आणि मी अशी दीडशहाणी, की कॉलेजातही तेच केलं! पहिल्याच दिवशी खिडकीकडच्या रांगेतल्या तिसऱ्या बाकाला सोपट बांधलं. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि तोरा असा की कॉलेजच विकत घेतलंय.

एका मुलीने विचारलं, "इथे गाय बांधणार आहेस का?"

सगळा वर्ग हसला. मी हट्टी. रोज बांधायचे, रोज हसायचे सगळे. अठराव्या दिवशी हट्ट संपला, घरी येऊन दप्तर माळ्यावर टाकलं. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा मी खुशाल म्हणाले, "दादांनी काढलं." दादा, म्हणजे माझे वडील, समोरच बसले होते. ते काही बोलले नाहीत. शेवटपर्यंत नाही बोलले.

तर ऋतुजा. तिसऱ्या आठवड्यात घरी आली ती तोंड पाडूनच.

"आजी, मला नाही जमत तिथे. सगळ्यांचे ग्रुप क्लासपासूनचे आहेत. सर इंग्लिशमध्ये सुसाट सुटतात. सतरा दिवसांत एक मैत्रीण नाही. सोमवारी जाते आणि नाव काढून येते."

"आणि मग?"

"मग काय, घरी बसून बाहेरून परीक्षा देईन. तुला तर शिकूच दिलं नाही, तरी तुझं काही अडलं का?"

हे मात्र लागलं. मी चहा ओतत राहिले.

"एकच गंमत आहे," ती म्हणाली. "माझी जागा कुणीतरी धरून ठेवतं. पहिल्या दिवसापासून. मी आत गेले की तिसऱ्या बाकाला हे बांधलेलं असतं. बाकीच्यांना वाटतं लॅबचं काहीतरी आहे, म्हणून कुणी बसत नाही तिथे."

तिने बॅगेतून वाळलेली पट्टी काढली. केळीचं सोपट. त्याला गाठ.

चहा बशीत, बशीतून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या पायावर.

ती गाठ माझी होती. डाव्या हाताने उलटी फिरवून टोक आत खोचलेली. फुलांच्या जुड्याही मी तशाच बांधायचे, तर आई वैतागायची, "सुमे, तुझी गाठ गिऱ्हाइकाला सुटत नाही गं!" आई जाऊन तीस वर्षं झाली. लग्नानंतर इथे द्राक्षं; फुलांच्या जुड्या बांधायचा प्रसंगच आला नाही. ही गाठ मी सासरी कुणाला दाखवली नव्हती. कॉलेजातल्या सोपटाची गोष्ट तर नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

सोमवारी पहिल्या एसटीने मी तिच्याबरोबर गेले. "तुझ्या सरांना बघायचंय," म्हटलं. साडेसातचा तास. वर्गाला कुलूप होतं. शिपाईमामांनी आमच्यासमोर उघडलं.

"मामा, आमच्या आधी कुणी आत आलं होतं का?"

"कसं येईल आजी? शनिवारी मीच लावलं कुलूप, किल्ली माझ्या खिशात."

तिसऱ्या बाकाला पट्टी होती. हिरवट-पांढरी, ताजी. हात लावला तर ओली. टोकावरून पाणी गळत होतं.

भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. लाज वाटली. मी बाकावर बसले, ऋतुजाला शेजारी बसवलं आणि म्हटलं, "ऐक. मला कुणी काढलं नव्हतं. मी पळाले होते. आजच्यासारख्याच अठराव्या दिवशी. आणि नाव दादांचं घेतलं."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे पन्नास वर्षं फेकलीस?"

"हो. आणि मजबूत फेकली."

ती हसायला लागली. इतकी, की दारातून आत येणारी एक मुलगी थबकली. एकटीच होती, सिन्नरहून येणारी, हे नंतर कळलं. तिने विचारलं, "इथे कुणी बसतंय का?"

ऋतुजाने बाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आजी आता उठतेच आहे," म्हणाली. "ये, बस."

नाव काढायचं कुणालाच आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी, एकोणिसाव्या, बाकाला काही नव्हतं. नंतरही कधी नाही. ऋतुजा आता दुसऱ्या वर्षाला आहे.

घरी आल्यावर मी फोटोतल्या दादांसमोर बसून सगळं खरं सांगितलं. मग सुनेला, मुलाला.

कुणी बांधलं, हे मला आजही सांगता येत नाही. ऋतुजानेच चेष्टा केली म्हणावं, तर तिला ती गाठ कुठून येणार? मीच विसरभोळेपणात काही केलं म्हणावं, तर ऐका: त्या संध्याकाळी मी केळीचं सोपट घेऊन बसले, आणि गाठ जमेना. बोटं विसरलीत. ऋतुजाने मात्र जपून ठेवलेल्या पट्ट्या भिजवून, सोडवून सोडवून ती शिकून घेतली. आता दर शनिवारी मला शिकवते.

"आजी, डावीकडून गं! गाय बांधतेयस का?"

आणि हसते. हसू दे. मी पट्टी ओली करते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.