आपल्या माणसाला टिप किती?

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतून रोज दुपारी चार वाजता एक छत्री निघते आणि छत्रीखालून श्रीनिवासराव निघतात. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं शिक्के मारून ते निवृत्त झाले, तरी चालतात असे, की पुढच्या वळणावर कोणीतरी अर्ज घेऊन उभाच आहे.

त्यांची कचेरी आता हॉटेलात भरते. पंख्याखालचं मेज, एक रवा दोसा, एक कॉफी आणि उठताना कॉफीच्या डबऱ्याखाली, म्हणजे पेल्याखालच्या पसरट वाटीखाली, दहाची नोट. या दहांमागं त्यांचा विचार आहे. पाच ठेवले तर वाढणाऱ्याचा अपमान, वीस ठेवले तर आपला दिखावा. दहा म्हणजे सभ्य माणूस. वाढणारा गणेशकुमार, पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. तो नोट उचलायचा आणि मान हलवायचा. चार वर्षं हे असं सुखानं चाललं होतं, सगळं तमिळमध्ये.

मग एकदा गंगाबाईंचा फोन आला. या गावात मराठी म्हणजे कुलूपबंद पेटी, या भरवशावर राव आपल्या बायकोला मोठ्यानं सांगून बसले, "अगं, इथली चटणी आज निव्वळ पाणी आहे. वाढणाऱ्याचं तोंड तर तिच्याहून आंबट."

फोन खाली ठेवला, तोच शेजारून आवाज आला, "चटणी बदलून आणतो, रावजी. तोंडाला मात्र इलाज नाही."

राव उभेच राहिले. "तू... तुम्ही आपले?"

"घाटगे. आमची आजी ओरत्तनाडूची. तिथल्या अन्नछत्रामागं राहायची."

रावांचे डोळे भरून आले. मुलगा परदेशी, नातीला मराठी कळते पण जिभेवर येत नाही, गल्लीतली बोलकी घरं एकेक करून चेन्नईला गेलेली. घरी गंगाबाई होत्या, पण त्या दोघांचं बोलायचं ते सगळं केव्हाच बोलून झालं होतं. आणि इथं, दोशाच्या वासात, एक कोरी करकरीत मराठी सापडली होती!

उठताना हात सवयीनं खिशात गेला, नोटेला लागला आणि थांबला. आपल्या माणसापुढं दहा रुपये टाकायचे? रावांनी नोट सोडली आणि छान वाकून नमस्कार केला. गणेशकुमारनं उलट नमस्कार केला, मग डबरा उचलून खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, "गणेशराव, मातोश्री बऱ्या आहेत ना?" आणि नमस्कार. तिसऱ्या दिवशी नमस्कार आणखी बोटभर खोल. जसजसा मान वाढत गेला, तसतशी गणेशकुमारची मराठी आटत गेली. बाराव्या दिवशी रावांनी तीन प्रश्न विचारले. तिन्हींची उत्तरं तमिळमध्ये आली, शेवटी 'सर'चं तमिळ 'सार' लावून.

"लाज वाटते त्याला आपल्या भाषेची," घरी येऊन राव खुर्चीत कोसळले.

गंगाबाई शेंगा सोलत होत्या. "टिप देताहात ना त्याला?"

"आपल्या माणसाला? भिकारी आहे का तो?"

"परका होता तेव्हा दहा मिळायचे. आपला झाला आणि नमस्कारावर आला. शहाणा माणूस परत परकाच होईल, नाहीतर काय!"

रावांनी एक शेंग उचलून सोलली. "मग आपल्या माणसाला किती द्यावे?"

"मला काय विचारता? छत्तीस वर्षं कचेरीत तुम्ही होता."

दुसऱ्या दिवशी दोसा संपल्यावर रावांनी एक पाकीट काढलं. चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं. दोन्ही हातांनी त्यांनी ते पुढं केलं.

"हे काय, सार?" गणेशकुमारनं तमिळमध्ये विचारलं.

"एकशे एकवीस. बारा दिवसांचे. वरचा एक शकुनाचा."

गणेशकुमारनं कुंकवाकडं पाहिलं आणि त्याच्या त्या प्रसिद्ध आंबट तोंडावर हसू फुटलं. "अहो रावजी, माझं काय लग्न ठरलंय? चार जण बघताहेत!"

मराठी! राव हरखून म्हणाले, "घ्या म्हणतो ना."

"नाही घेत. मागचं सोडा. रोजचे दहा मेजावर ठेवा, बाकीचे ठेवतात तसे. माझ्या मेहनतीचे आहेत ते, आहेर नव्हे."

"मग आपल्या माणसात आणि परक्यात फरक काय राहिला?"

"फरक? परक्याशी मी एवढा भांडतो का?"

"अहो, मग भांडा की! मी कोठे उठलोय?"

पाकीट इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जाऊ लागलं. आवाज चढले. गल्ल्यावरून मालकानं तमिळमध्ये ओरडून विचारलं, काही तक्रार आहे का?

दोघांनी एकदमच वळून तमिळमध्ये सांगितलं, काही नाही, घरातली बाब आहे.

आणि रावांनी पाकीट पुन्हा पुढं सरकवलं, त्यानं अजून एकदा नाही म्हणावं म्हणून.