कागदावरची खूण

माझा थोरला भाऊ बावीस वर्षं लोकांच्या पाठीवर हवेच्या टाक्या बांधून त्यांना समुद्राखाली नेत होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. घरात मात्र वहिनीने डोळे वटारले की मास्तर मुकाट्याने भाजी चिरायला बसत.

गिऱ्हाइकांपुढेही तो असाच मऊ. एकदा एक वकील बायकोला घेऊन आले. दोनशे वेळा पाण्याखाली गेल्याच्या त्यांच्या बढाया होडीत बसल्यापासून चालू होत्या. उडी मारण्याआधी जोडीदाराने जोडीदाराची टाकी तपासायची असते. बायको पुढे झाली तर म्हणाले, "तू तुझं बघ. मला शिकवू नकोस."

"साहेब, दोन मिनिटांचं काम आहे," भाऊ म्हणाला.

"ती दोन मिनिटं तुमच्याकडेच ठेवा."

भाऊ कसंनुसं हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

वकिलांच्या टाकीची हवा सोडणारी चावी त्याने आधीच पूर्ण उघडली होती. वकिलांना ती उघडून जराशी मागे फिरवायची जुनी सवय. पाठीमागे हात घालून त्यांनी ती उलट्या बाजूने फिरवली, म्हणजे पूर्ण बंद केली आणि मग जराशी उघडली. एवढ्या फटीतून वर श्वास नीट येतो, खोल गेल्यावर हवा पुरत नाही.

वीस मीटरवर वकील गुदमरले आणि सुसाट वर निघाले. त्यांना आवरायला भाऊ त्यांचा पट्टा धरून फरफटत वर आला. त्याची ती दिवसातली तिसरी फेरी होती; पुन्हा पुन्हा खोल गेल्याने अंगात वायू साठतो आणि झपकन वर आलं की रक्तात त्याचे बुडबुडे होतात. वकिलांचं खोकल्यावर भागलं. भावाचा डावा पाय कायमचा लुळा पडला.

आणि तक्रार कोणी करावी? वकिलांनी. टाकीच सदोष होती म्हणे. चौकशीला मी बाह्या सरसावूनच गेलो. पण वकिलांची बायकोच खरं बोलली, "यांनी मला टाकीला हात लावू दिला नाही."

मी मनात म्हटलं, सुटलो. अधिकाऱ्याने त्या दिवशीच्या फेरीचा कागद भावापुढे सरकवला. वकिलांच्या नावापुढे तपासणी झाल्याची खूण, खाली भावाची सही.

"बाई खोटं बोलतायत?"

"नाही."

"मग ही खूण?"

भावाने कागद परत सरकवला. त्याचा परवाना गेला.

घरी जिन्यापाशी मी विचारलं, "खूण का केलीस?"

"सगळ्यांच्याच करून ठेवायचो, निघण्याआधी किनाऱ्यावरच."

"रोज?"

"होडीत कागद भिजतो रे."

त्याने जिना चढायला हात पुढे केला. वकिलाचा राग मला आजही आहे, पण त्या क्षणी भावाचा हात धरावासा वाटेना.